अद्भुतरम्य कादंबऱ्यांची ऑनलाइन पायरसी

जादू, काल्पनिक राज्ये आणि स्वतःचे वेगळे नियम असलेली सृष्टी यांवर उभ्या राहिलेल्या अद्भुतरम्य (फँटसी) कादंबऱ्यांच्या व त्यांवर बेतलेल्या मालिका-चित्रपटांच्या प्रती प्रताधिकारधारकाच्या परवानगीवाचून इंटरनेटवरून पसरवणे आणि उतरवून घेणे. या नोंदीत या व्यवहाराचा माध्यम कंपन्यांवर होणारा परिणाम मुख्यतः नागपूरच्या वाचकाच्या व प्रकाशकाच्या बाजूने पाहिला आहे.

या लेखनप्रकाराला पायरसीची झळ इतर कादंबऱ्यांहून वेगळ्या रीतीने बसते. अद्भुतरम्य कथा सहसा एका पुस्तकात संपत नाही. ती अनेक खंडांतून वर्षानुवर्षे चालते आणि पुढच्या खंडाची वाट पाहणारा वाचकवर्ग तिच्याभोवती जमतो. आधीचा खंड किती खपला यावरून प्रकाशक पुढच्या खंडाची आवृत्ती, लेखकाचे आगाऊ मानधन आणि जाहिरातीचा खर्च ठरवतो. फुकटच्या पीडीएफवर पहिला खंड वाचून दुसऱ्यासाठी उत्सुक झालेला वाचक या हिशेबात कुठेच दिसत नाही, आणि म्हणून वाचकांना आवडलेली मालिकाही मध्येच थांबू शकते. शिवाय अशा मालिकेच्या अखेरच्या भागाची किंमत त्याच्या गुप्ततेवर अवलंबून असते. तो प्रकाशनाच्या चार दिवस आधी फुटणे आणि चार वर्षांनी चोरून वाचला जाणे या दोन सर्वस्वी वेगळ्या हानी आहेत, जरी तक्रारींत त्या एकाच आकड्यात मोजल्या जात असल्या तरी.

परवानगीवाचून छापण्याची प्रथा इंटरनेटहून जुनी आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतील एस बुक्स या प्रकाशनसंस्थेने तेथील प्रताधिकार कायद्यातील पळवाटेचा आधार घेऊन ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची स्वस्त आवृत्ती लेखकाला न विचारता ७५ सेंटला बाजारात आणली आणि वाचकांतून ओरड झाल्यावर लेखकाला मानधन देऊन पुनर्मुद्रण थांबवण्याचे मान्य केले. ‘हॅरी पॉटर’ मालिकेतील शेवटच्या पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे २१ जुलै २००७ या प्रकाशनदिनाच्या आधीच इंटरनेटवर फिरू लागली होती. मात्र याच मालिकेची अधिकृत ई-पुस्तके मार्च २०१२ पर्यंत विक्रीलाच आली नव्हती. पडद्यावर वाचू इच्छिणाऱ्यासाठी तोवर चोरीची प्रत हाच एक मार्ग होता, आणि नुकसानीचे आकडे मांडताना हा भाग सहसा गाळला जातो. टॉर या फँटसी व विज्ञानकथा छापणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरील, प्रत काढू न देणारे डिजिटल कुलूपच काढून टाकले. वर्षभरानंतर पायरसीत म्हणण्याजोगी वाढ दिसली नाही, असे तिच्या ब्रिटिश शाखेने जाहीर केले.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत गळती पुष्कळदा कंपनीच्या आतूनच होते. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सातव्या पर्वाचा चौथा भाग प्रसारणापूर्वीच भारतातून फुटला, आणि त्या प्रकरणी महाराष्ट्रात चौघांना अटक झाली.

प्रत्यक्ष नुकसान किती, यावर एकमत नाही. उतरवून घेतलेली प्रत्येक प्रत म्हणजे बुडालेली विक्री, हे उद्योगाचे गणित उघडच फुगवलेले आहे. युरोपीय आयोगाने करवून घेतलेल्या आणि २०१७ मध्ये उजेडात आलेल्या अभ्यासात पायरसीमुळे विक्री घटल्याचा सांख्यिकीय दृष्ट्या भक्कम पुरावा एकूणात मिळाला नाही. नव्याने प्रदर्शित झालेले गाजलेले चित्रपट हा त्याला ठळक अपवाद होता.

हा निष्कर्ष मोठ्या कंपन्यांच्या बाजारपेठेचा आहे आणि तो मराठी प्रकाशनाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. बहुराष्ट्रीय कंपनीची अद्भुतकथा कादंबरी, चित्रपट, खेळ, ध्वनिपुस्तक, अनुवाद अशा अनेक वाटांनी पैसा मिळवते, तर मराठी कादंबरीची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींच्या आसपास असते आणि त्या प्रती हेच तिचे सगळे उत्पन्न असते. नागपूरच्या एखाद्या टेलिग्राम गटात टाकलेली अनुवादित कादंबरीची स्कॅन केलेली प्रत मूळ परदेशी लेखकाच्या मिळकतीत फारसा फरक पाडत नाही. मराठी अनुवादकाला आणि प्रकाशकाला मात्र तिची झळ थेट लागते, कारण अनुवादावरचा प्रताधिकार स्वतंत्र असतो. शहरात वाचनालयांची जुनी परंपरा आहे आणि १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे मुख्यालय येथे आहे. तरीही नव्या इंग्रजी मालिकेचा पुढचा खंड वाचनालयात येईपर्यंत थांबण्याची तरुण वाचकाची तयारी नसते, हे पायरसीचे स्थानिक कारण किमतीइतकेच महत्त्वाचे आहे.

स्वस्तात किंवा फुकट मिळणारे प्रत्येक पुस्तक बेकायदा नसते. जुनी पुस्तके विकत घेणे-विकणे वैध आहे. भारतात प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा ‘मंजुघोषा’ यांसारख्या एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य मराठी कादंबऱ्या कोणीही उतरवून घेऊ शकतो.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ नुसार उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, त्यामुळे नागपूरचे पोलीस ठाणे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करू शकते. कलम ६२ प्रमाणे वादीला स्वतः राहतो किंवा व्यवसाय करतो त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. प्रतिवादीच्या पत्त्यामागे दिल्ली-मुंबईला जाण्याची गरज न उरल्याने नागपूरच्या छोट्या प्रकाशकाला ही तरतूद कैदेच्या धमकीहून अधिक उपयोगाची आहे. राज्यात झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला ‘व्हिडीओ पायरेट्स’ना बसवणारा १९८१ चा स्थानबद्धता कायदाही आहे, पुस्तकचोरांना मात्र त्याच्या लांबलचक नावात जागा मिळालेली नाही.

संकेतस्थळे नाव बदलून पुन्हा उघडतात, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तशा नव्या पत्त्यांनाही लागू करता येणारा मनाई हुकूम दिला. टाळेबंदीत ई-पेपरच्या पीडीएफ प्रती घरोघरी मोबाइलवर फिरत होत्या, त्या काळात, मे २०२० मध्ये, ‘दैनिक जागरण’च्या दाव्यात त्याच न्यायालयाने टेलिग्रामला संबंधित चॅनेल ४८ तासांत बंद करून ते चालवणाऱ्यांची माहिती देण्यास सांगितले. कादंबऱ्यांच्या चॅनेलांविरुद्धही हा मार्ग खुला आहे. निमंत्रणाशिवाय प्रवेश नसलेले खासगी गट मात्र बाहेरून शोधता येत नाहीत, आणि आतल्या सदस्याने कळवल्याखेरीज प्रकाशकाला त्यांचा पत्ता लागत नाही.