एडवर्ड लियरच्या रोजनिश्या आणि पत्रं पाहायची आहेत? अर्ज असा करा

‘मी प्राध्यापक नाही, मला आत सोडतील का?’ ही शंका सगळ्यात आधी येते. सोडतात. बडबडगीतं लिहिणारा इंग्रज कवी-चित्रकार एडवर्ड लियर (1812–1888) याच्या कागदपत्रांचा मोठा साठा अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात आहे. तिथे विद्यापीठाशी संबंध असण्याची अट नाही आणि फीही नाही.

1858 पासूनच्या 30 रोजनिश्या इथे आहेत, भारतातल्या प्रवासाची टिपणंही इथेच. लियर नोव्हेंबर 1873 मध्ये मुंबईत उतरला आणि वर्षभराहून जास्त काळ देशभर फिरला. कमरबंदावरची त्याची कविता 1874 मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियातच छापून आली. तिची नायिका चक्क ‘धोबी’वर बसून संध्याकाळचा तारा बघते!

आधी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विशेष संग्रहांसाठीचं खातं उघडा आणि कॅटलॉगमधला क्रमांक देऊन मागणी नोंदवा. रोजनिश्यांचा क्रमांक ‘एमएस इंग 797.3’. जाताना सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. भारतातून जाणाऱ्यांनी पासपोर्टच न्यावा. पेन आणि बॅग बाहेर ठेवायची. आत पेन्सिल आणि लॅपटॉप चालतो, फ्लॅश न वापरता फोटोही काढता येतात.

पण तिकीट काढायची घाई करू नका. रोजनिश्यांचे स्कॅन घरबसल्या मोफत पाहता येतात. पान मोठं करून बघा, मधूनच बारीक फुल्या दिसतील. त्या अपस्माराच्या झटक्यांच्या खुणा आहेत. हा आजार त्याने आयुष्यभर लपवला. छापील पुस्तकातून ती फुली अशी अंगावर येत नाही.

पत्रं मात्र विखुरलेली आहेत. मित्र फोर्टेस्क्यूला लिहिलेली इंग्लंडमध्ये टॉन्टनला, सॉमरसेटच्या अभिलेखागारात. कवी टेनिसनची पत्नी एमिली हिला लिहिलेली इंग्लंडमधल्याच लिंकन शहरात. इंग्लंडमधल्या अशा ठिकाणी ओळखपत्राबरोबर पत्त्याचा मूळ पुरावाही बहुधा मागतात. भारतातला कुठला कागद चालेल, हे निघण्याआधी ईमेलने विचारून लेखी उत्तर जवळ ठेवा.

वाचायला मिळालं म्हणजे छापता येईल असं नाही. 1 ऑगस्ट 1989 पूर्वी कधीच न छापलेल्या अशा जुन्या पत्रांवर ब्रिटनमध्ये 2039 अखेरपर्यंत कॉपीराइट आहे. फोर्टेस्क्यूला लिहिलेली बरीच पत्रं 1907 आणि 1911 मध्येच पुस्तकरूपाने आली. तुम्हाला हवं असलेलं पत्र त्यात आहे का, हे आधी तपासा. नसेल तर परवानगीच्या अर्जात पत्राची तारीख आणि संग्रह क्रमांक न चुकता लिहा.