परसबागेतील अळ्यांचा उपद्रव

परसबागेतील अळ्यांचा उपद्रव : घराभोवतीच्या बागेत, गच्चीवर किंवा कुंड्यांत लावलेल्या झाडांची पाने, शेंडे, कळ्या व फळे अळ्यांनी खाल्ल्यामुळे होणारे नुकसान. अळी ही पतंगाची किंवा फुलपाखराची, म्हणजे खवलेपंखी गणातील कीटकांची बाल्यावस्था होय. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ या चार अवस्थांपैकी झाड कुरतडते ती जवळजवळ नेहमी अळीच. प्रौढ पतंग बहुधा फुलांतला मकरंद शोषून जगतो आणि पानावर बसतो तो अंडी घालण्यापुरता. त्यामुळे उडत्या पतंगांच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नसतो.

नुकसान किती होईल आणि कोणता उपाय चालेल, हे अळीच्या जातीइतकेच तिच्या वयावर ठरते. अंड्यातून निघाल्यापासून कोषात जाईपर्यंत बहुतेक अळ्या चार-पाच वेळा कात टाकतात. तंबाखू व टोमॅटोवर आढळणाऱ्या मँड्युका सेक्स्टा या पतंगाच्या अळीचे वजन तीन आठवड्यांच्या आत सुमारे १०,००० पटींनी वाढते. यातली बहुतेक वाढ, आणि अर्थातच बहुतेक खादाडी, शेवटच्या कातीनंतरच्या काही दिवसांत होते. काल धडधाकट दिसणाऱ्या रोपाचा आज खराटा झाला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात अळ्या आठवडाभर तिथेच असतात. लहान असल्यामुळे त्या दिसत नाहीत, इतकेच.

लहान अळ्या पान आरपार खात नाहीत. त्या खालच्या बाजूने हिरवा गर खरवडतात आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवतात. अशा पानावर फिकट, पारदर्शक डाग दिसतात. हीच उपाय करण्याची सर्वांत सोयीची वेळ. स्पोडोप्टेरा लिट्युरा या पतंगाची मादी पानावर शेकडो अंड्यांचा पुंजका घालून तो आपल्या अंगावरच्या तपकिरी केसांनी झाकते. त्यातून निघालेल्या अळ्या सुरुवातीला एकाच पानावर घोळक्याने खातात, म्हणून ते एक पान खुडले की बहुतेक सगळा घोळका हाती लागतो. पुढे त्या विखुरतात, दिवसा मातीत किंवा पालापाचोळ्यात दडतात आणि रात्री बाहेर येतात. मग टॉर्च घेऊन झाड न्याहाळण्यावाचून गत्यंतर नाही.

मोठ्या अळीचा माग लेंड्यांवरून काढता येतो. पानांवर किंवा कुंडीच्या काठावर काळपट हिरवे दाणे पडलेले दिसले, तर त्यांच्या बरोबर वरची फांदी तपासावी. दाणे ओलसर असतील तर अळी अजून जवळच आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील काही फुलपाखरांच्या लहान अळ्या मात्र डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाहीत. काळ्या-तपकिरी अंगावर पांढरा पट्टा असल्याने त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात; मोठ्या झाल्यावर पानासारख्या हिरव्या होतात. त्यांना बोट लावले की डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुहेरी शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. हे भक्षकाला घाबरवण्यासाठी असते, माणसाला त्याचा अपाय नाही.

पान कुरतडणाऱ्या सगळ्याच पतंगांच्या अळ्या नसतात. गोगलगायी चकाकणारा चिकट माग ठेवतात. नाकतोड्याने खाल्लेल्या पानाखाली बहुधा कोणीच सापडत नाही. करवती माशीची अळी तर थेट पतंगाच्या अळीसारखीच दिसते. तेथे पाय मोजावेत. दोन्हींना छातीशी तीन जोड्या खऱ्या पायांच्या असतात. पोटाखालच्या मांसल पायांच्या जोड्या मात्र पतंगाच्या अळीत जास्तीत जास्त पाच (पाठीची कमान करून चालणाऱ्या उंटअळ्यांत त्याहून कमी), तर करवती माशीच्या अळीत सहा किंवा अधिक असतात. पुढे सांगितलेले बीटी हे जिवाणूजन्य औषध करवती माशीवर चालत नाही, म्हणून ही मोजणी वाया जात नाही.

मोजक्या झाडांच्या बागेत हाताने वेचणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, आणि औषधांच्या बाटल्यांच्या गर्दीत तोच सर्वांत आधी विसरला जातो. वेचलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. पानांच्या खालच्या बाजूची अंडी बोटाने चिरडावीत. रोपे जमिनीलगत कुरतडणाऱ्या अळ्यांसाठी खोडाभोवती पुठ्ठ्याचे कडे करून ते थोडे मातीत खोचावे. बारीक जाळी लावल्यास पतंगांना अंडी घालता येत नाहीत, मात्र अनेक जातींचे कोष मातीत असतात; आधीच्या प्रादुर्भावाच्या मातीवर जाळी टाकली तर पतंग आतच निघतात. म्हणून त्याआधी माती हलवून कोष काढून टाकावेत.

फळ किंवा शेंडा पोखरणाऱ्या अळ्यांची गोष्ट वेगळी. अळी एकदा आत शिरली की वरून काहीही फवारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मान टाकलेला वांग्याचा शेंडा, टोमॅटोवरचे लेंड्यांनी भरलेले छिद्र, ही दिसताच तो भाग कापून नष्ट करावा. बागेतल्या खताच्या ढिगात टाकू नये.

अळ्यांचे नैसर्गिक शत्रू पुष्कळ आहेत : पक्षी, कोळी, गांधीलमाश्या, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबीची, पतंगांच्या अंड्यांतच आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही परोपजीवी गांधीलमाशी. अळीच्या अंगाला पांढऱ्या तांदळासारखे कोष चिकटलेले दिसले तर ती अळी मारू नये. ती आधीच संपलेली असते. त्या कोषांतून निघणाऱ्या परोपजीवी माश्या पुढच्या अळ्या शोधतात. शेंड्याला उलटी लटकलेली, लिबलिबीत झालेली अळी बहुधा विषाणूने मेलेली असते. तिलाही तिथेच राहू द्यावे, कारण फुटलेल्या शरीरातून तो रोग इतर अळ्यांना लागतो.

औषधांपैकी घरबागेला सर्वांत योग्य म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अर्थात बीटी. हा जिवाणू १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता या शास्त्रज्ञांना रोगट रेशीमकिड्यांत सापडला. १९११ मध्ये अर्न्स्ट बर्लिनर यांनी जर्मनीतील थुरिंजिया प्रांतातून आलेल्या पिठातील पतंगाच्या अळीतून तो वेगळा केला आणि १९१५ मध्ये त्याला हे नाव दिले. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये तो औषध म्हणून विक्रीस आला. अळ्यांसाठी त्याचा कुर्स्ताकी हा प्रकार वापरतात. त्यातील प्रथिनाचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून आतड्याचे अस्तर फोडतात. अळी काही तासांत खाणे सोडते, पण मरायला दोन-तीन दिवस लागतात. औषध लागू पडले नाही असे समजून दुसऱ्याच दिवशी दुसरे फवारण्याची घाई करू नये. ते पोटातूनच काम करते, म्हणून पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. ऊन त्याला निकामी करते, म्हणून संध्याकाळी फवारावे. मोठ्या अळ्यांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. उठसूट वापरही बरा नव्हे : कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने हवाईतील शेतांत बीटीला दाद देणे कमी केल्याचे १९९० मध्ये नोंदले गेले.

कडुनिंबातील ॲझाडिरॅक्टिन अळीची भूक मारते आणि कात टाकण्यात बिघाड करते. त्याचाही परिणाम सावकाश व लहान अळ्यांवर चांगला दिसतो. फवारलेले साबणाचे नुसते पाणी मावा वगैरे मऊ किडींना पुरते, मोठ्या अळीला नाही. मादीच्या गंधाचे आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग अडकतात, म्हणून छोट्या बागेत तो पतंग आल्याची सूचना देण्यापुरताच उपयोगी. तीव्र रासायनिक कीटकनाशके मित्रकीटकांनाही मारतात. त्यानंतर मावा किंवा कोळीकीड उसळते. ती वापरायचीच असतील तर लेबलवरील मात्रा आणि फवारणी व काढणी यांतील दिवस पाळावेत.

प्रत्येक अळी मारलीच पाहिजे असे नाही. वाढलेल्या, निरोगी झाडाची थोडी पाने गेली तरी ते नवी फूट काढते. कोवळ्या रोपाला मात्र दोन अळ्याही भारी पडतात.

केसाळ अळ्यांना, म्हणजे सुरवंटांना, उघड्या हाताने शिवू नये. हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचलावे. केस त्वचेत शिरल्यास न चोळता चिकटपट्टी लावून ओढून काढावेत आणि जागा साबणाने धुवावी. केस डोळ्यात गेल्यास किंवा श्वास लागू लागल्यास लगेच डॉक्टरकडे जावे.