उंबराचं फूल आणि पुठ्ठ्याचं जंगल

भाचीला शाळेत वर्षावनाचा प्रकल्प होता. मुलुंडच्या घरी जेवणाच्या टेबलावर तिने पुठ्ठ्याचं चार थरांचं जंगल उभं केलं. तळाला जमीन, तिच्यावर झुडपांचा अंधारा थर, मग पानांचं छत आणि छत भेदून वर गेलेली उत्तुंग झाडं. प्रत्येक थरावर एकेक प्राणी डिंकाने चिकटवलेला होता. जमिनीवर सिंह होता. सिंहाला उघडं गवताळ रान लागतं, वर्षावनात तो राहत नाही, असं सांगितल्यावर तिने त्याच्या जागी जग्वार आणला. मला खरं खटकलं ते वेगळंच. या थरांमध्ये ये-जा करणारं कुणीच नव्हतं. आपण मुलांना वर्षावन शिकवतो ते असंच, चाळीतल्या खोल्यांसारखं, आणि कोण कुठल्या खोलीत राहतो तेवढं पाठ करून घेतो.

त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर ‘अंजीर मांसाहारी असतं, त्यात मेलेली माशी असते’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरत आला. तो वाचताना वाटलं, हिच्या जंगलात नेमकी हीच माशी हवी.

आधी एक गैरसमज. खूप पाऊस पडतो म्हणजे वर्षावन, असं मुलांना वाटतं. मुंबईत वर्षाला २,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अ‍ॅमेझॉनच्या मधोमध वसलेल्या मनौस शहरातही साधारण तेवढाच पडतो. पण आपला जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि पुढचे आठ महिने कोरडे जातात. मनौसला तो वर्षभर वाटून येतो. म्हणून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली बरीचशी झाडं उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतात आणि तिथली झाडं बारा महिने हिरवी असतात. हिरवं छत सतत मिटलेलं राहिल्यामुळे वरच्या उजेडातला जेमतेम दोन टक्के जमिनीवर पोचतो. छत ३० ते ४५ मीटरवर, म्हणजे दहा-पंधरा मजली इमारतीच्या गच्चीइतकं उंच. जमिनीवर रुजलेल्या रोपाने त्या गच्चीपर्यंत अंधारात चढायचं तरी कसं?

एका झाडाने यावर उलटा उपाय शोधला आहे. ते गच्चीवरच जन्मतं आणि खाली उतरतं.

हे पाहायला अ‍ॅमेझॉनला जायला नको. मुंबईतल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या मागच्या भिंतीकडे बघा. सांडपाण्याच्या पाइपाजवळच्या भेगेत पिंपळाचं रोप दिसेल. तांबट, बुलबुल किंवा साळुंकी फळ खाते, विष्ठेतून बी भेगेत पडतं आणि तिथेच रुजतं. भिंत फोडतो म्हणून आपण पिंपळावर चिडतो, पण त्याच्या लेखी ही इमारत म्हणजे दुसऱ्या झाडाची उंच फांदी आहे. वर्षावनात त्याच्या भाऊबंदांचं, म्हणजे फायकस (वड, पिंपळ, उंबर, अंजीर ज्यात येतात ती प्रजाती) यातल्या कित्येक जातींचं, बी असंच फांदीच्या बेचक्यात पडतं. रोपाला पहिल्या दिवसापासून ऊन मिळतं. मग ते दोरासारखी मुळं खाली सोडतं, मुळं जमिनीला लागली की ती जाड होतात, एकमेकांत जुळतात आणि आधार देणाऱ्या झाडाभोवती जाळी विणतात. पुष्कळदा आतलं झाड मरतं, कुजून जातं आणि पोकळ जाळीदार खोड उभं राहतं. एकाच झाडाने चारही थर शिवले गेले.

आता माशीकडे वळते, कारण मला मनापासून सांगायचं आहे ते हेच.

मराठीत दुर्मीळ गोष्टीला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. ते मध्यरात्री फुलतं आणि ज्याला दिसेल त्याचं भाग्य उजळतं, असंही सांगतात. खरं म्हणजे प्रत्येक उंबरात हजारो फुलं असतात आणि भरदिवसा कुणालाही दिसू शकतात. ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांचीच पिशवी असते, तोंड मिटलेली, फुलं आतल्या बाजूला. देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी गच्च झाकलेलं बारीक भोक असतं, आणि जगभरातल्या असंख्य कीटकांपैकी त्यातून आत शिरून परागण करणारा कीटक जवळपास एकच: दोन मिलिमीटरभर लांबीची एक गांधीलमाशी. फायकसच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेक जातींची अशी आपापली माशी ठरलेली आहे.

उंबर पिशवीतून विशिष्ट वास सोडतो. त्या वासावर मादी येते, खवल्यांमधून घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच तुटतात. ती परत बाहेर येणार नसतेच. छातीवरच्या दोन खिशांत तिने दुसऱ्या उंबरावरचे परागकण भरून आणलेले असतात. ते ती पायांनी काढून फुलांच्या कुक्षीवर, म्हणजे परागकण झेलणाऱ्या टोकावर, ठेवते आणि फुलांच्या अंडाशयात, म्हणजे बी धरायच्या जागी, एकेक अंडं घालते.

मग सगळ्याच फुलांत अंडी का घातली जात नाहीत? तसं झालं तर बी एकही उरणार नाही आणि झाडाचा वंश बुडेल. इथे रचना नीट समजून घ्यायला हवी. सगळ्या फुलांच्या कुक्षी आतल्या पोकळीकडे एकाच पातळीवर असतात, मात्र अंडाशय वेगवेगळ्या खोलीवर. ज्यांचा कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षी आणि अंडाशय जोडणारी दांडी, आखूड, त्यांचं अंडाशय पोकळीजवळ. ज्यांचा लांब, त्यांचं बाहेरच्या सालीला लागून. आखूड फुलांत अंडं घालणं सोपं, लांब फुलांत अवघड. पूर्वी एवढंच स्पष्टीकरण दिलं जायचं. पण कित्येक जातींत माशीची अंडं घालायची नळी लांब फुलांतही पोचू शकते, तरी ती तिथे कमी अंडी घालते.

कारण सालीबाहेर दुसऱ्या माशा बसलेल्या असतात. त्या परागण करत नाहीत. शरीराच्या कित्येक पट लांब सुईने त्या बाहेरूनच साल भेदून आतल्या अळीशेजारी आपलं अंडं घालतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी उंबरावरच्या अशा एका माशीची सुई तपासली, तेव्हा तिच्या टोकाशी जस्त आढळलं. त्यानेच टोक कठीण होतं. ही सुई सालीजवळच्या फुलांपर्यंत सहज जाते आणि पोकळीजवळच्या फुलांपर्यंत कष्टाने. म्हणजे सालीजवळ घातलेल्या अंड्यातली अळी मरण्याचा धोका जास्त, म्हणून माशी आतली फुलं पसंत करते आणि बाहेरची फुलं बियांसाठी उरतात. ज्यांना आपण चोर म्हणू, त्या माशाच झाड आणि परागण करणारी माशी यांच्यातला करार टिकवायला मदत करतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी झोप उडाली होती.

काही आठवड्यांनी आतले नर आधी जन्मतात. त्यांना पंख नसतात. ते फुलातच बंद असलेल्या माद्यांशी मीलन करतात, मग जबड्यांनी साल पोखरून बोगदा खोदतात आणि मरतात. आतली नरफुलं नेमकी तेव्हाच पक्व होतात. माद्या परागकण खिशात भरतात, बोगद्यातून उडून जातात आणि दुसरा उंबर शोधायला त्यांच्याकडे जेमतेम एक-दोन दिवस असतात.

तर फॉरवर्डचं उत्तर असं: झाड माशीला पकडून खात नाही. पुरंदरचं अंजीर तर परागणाशिवायच धरतं, त्याला माशी लागतच नाही. स्मर्नासारख्या ज्या जातींना लागते, त्यांत आत मेलेली माशी फळातल्या विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळत जाते. ज्यांना पथ्य पाळायचं त्यांनी पाळावं, पण ‘लपवलेलं सत्य’ म्हणून भीती घालू नये. पिंपळावर मुंजा असतो, या गोष्टीलाही मला तेवढाच विरोध आहे. औदुंबराखाली श्रद्धेने दिवा लावणारा माणूस झाड वाचवतो, मुंजाच्या भीतीने मुलं झाडाजवळच जात नाहीत.

एका झाडावरचे उंबर साधारण एकदम पिकतात, पण शेजारच्या झाडाचा हंगाम वेगळा असतो. तसं नसतं तर माद्यांना जायला जागाच उरली नसती. त्यामुळे जंगलात कुठे ना कुठे फायकसची फळं बारा महिने मिळतात. बाकी फळं संपतात तेव्हा धनेश, हरियाल, वटवाघळं आणि माकडं याच फळांवर जगतात. फायकस खाणाऱ्या पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या १,२०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

हा करार तुटतो कसा, ते बोर्निओत दिसलं. १९९८ च्या सुरुवातीला एल निनोमुळे तिथे कडक दुष्काळ पडला. सारावाकमधल्या लांबीर हिल्स राष्ट्रीय उद्यानात फायकसच्या काही जातींनी फळं धरणं थांबवलं. दोन दिवस जगणाऱ्या माशीला संपवायला तेवढं पुरलं. पाऊस परतला, झाडांना पुन्हा फळं लागली, पण कित्येक महिने परागण करणारी माशी आली नाही. फटका बसला तो मुख्यतः खालच्या थरातल्या जातींना. छताच्या उंचीवरच्या फायकसची माशी पानांच्या वर जाऊन वाऱ्यावर दूरवर वाहत जाते. अंधाऱ्या खालच्या थरातली माशी बुटकं उडते, जवळच्याच झाडावर जाते. जंगल तोडून मधे पामतेलाची लागवड झाली, तुकडे दूर दूर पडले, तर अशा माशीने पलीकडच्या तुकड्यात जायचं कसं? आपल्या कोकणातही तेच. देवराईतलं जुनं झाड धनेशाला ढोलीसाठी हवं आणि विणीच्या दिवसांत आसपास फायकसची फळंही हवीत. देवराई राखली पण भोवतालचे वड-उंबर तोडले, तर ढोलीत कोंडून घेतलेल्या मादीला नराने आणून घालायचं काय?

मुलांना हे दाखवायला एक कागद, एक भिंग आणि लालसर होऊ लागलेले दोन-तीन उंबर पुरतात. फळ पांढऱ्या कागदावर ठेवून उभं कापायचं आणि थोडा वेळ थांबायचं. आम्ही कापला तेव्हा आधी पंख नसलेले पिवळसर नर सरपटत निघाले, मग काळ्या माद्या. भाचीने पुठ्ठ्याच्या जंगलातल्या झाडांमध्ये शाईचे बारीक ठिपके काढायला घेतले आणि विचारलं, “मावशी, ही वरच्या थरातली की खालच्या?” उत्तर द्यायच्या आत एक ठिपका कागदावरून उडाला, खिडकीच्या गजांमधून बाहेर गेला आणि समोरच्या इमारतीच्या दिशेने दिसेनासा झाला.