इतिहासातले गाजलेले देहदंड

देहदंड म्हणजे राज्याने किंवा कोर्टाने शिक्षा म्हणून माणसाचा जीव घेणं. बोलताना आपण सरसकट फाशी म्हणतो पण फाशी हा त्यातला एकच प्रकार, बाकी शिरच्छेद, विषाचा प्याला, जिवंत जाळणं, सूळ, कडेलोट, हत्तीच्या पायी देणं, तोफेच्या तोंडी देणं, गोळ्या घालणं, गिलोटिन म्हणजे मान कापणारं यंत्र, विजेची खुर्ची, आणि आता इंजेक्शन. मेलेल्यांपैकी बहुतेकांची नावंही उरली नाहीत. जे लक्षात राहिले त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत मारणाऱ्यांनीच किंवा त्यांच्या वारसांनी नंतर कबूल केलं की चुकलं, म्हणून या नोंदीत जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

सुरुवात अथेन्सपासून करायला हवी. इ.स.पू. ४२७ मध्ये मिटिलिनी शहराने बंड केलं म्हणून अथेन्सच्या सभेने ठराव केला की तिथले सगळे पुरुष मारायचे, बायकामुलं गुलाम करायची, आणि हुकूम घेऊन जहाज सुटलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना चैन पडेना, परत सभा भरली, अगदी थोडक्या मतांनी ठराव फिरला आणि मागोमाग दुसरं जहाज सोडलं. वल्हेकऱ्यांनी वल्हवता वल्हवताच वाइन आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खाल्लं, झोपायचं तेही आळीपाळीने. पहिल्या जहाजाला असल्या कामाची घाई नव्हती, ते रमतगमत गेलं. तिथे हुकूम वाचून झाला, आता अंमल सुरू होणार, एवढ्यात दुसरं जहाज बंदराला लागलं. बंडाचे म्होरके मारले गेलेच पण शहर वाचलं.

इ.स.पू. ४०६ ला असं दुसरं जहाज नव्हतं. आर्गिनुसाईची समुद्रातली लढाई जिंकूनही वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही म्हणून आठ सेनापतींना एकगठ्ठा दोषी ठरवलं, हाताशी सापडलेल्या सहा जणांना मारलं, आणि थोड्याच काळात लोकांना पस्तावा झाला. त्या दिवशी सभा चालवणाऱ्या समितीत सॉक्रेटिस होता आणि हे कायद्याला धरून नाही म्हणत तो एकटा अडून बसला होता. सात वर्षांनी, इ.स.पू. ३९९ मध्ये, त्याच शहराने त्यालाच विषाचा प्याला दिला. आरोप काय तर तरुणांना बिघडवतो आणि शहराचे देव मानत नाही. डेलॉस बेटावर गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत कुणाला मारायचं नाही असा नियम होता, त्यामुळे तो बरेच दिवस तुरुंगात मित्रांशी बोलत बसला, त्यातला क्रिटो पळून जायची सोय करतो म्हणाला तरी सॉक्रेटिस गेला नाही. विष प्यायल्यावर पाय जड होईपर्यंत तो चालत राहिला, मग आडवा झाला, आणि देणाऱ्या माणसाने पाय चेपून बघितले तेव्हा ते गार पडत वर वर चालले होते.

इंग्रजांशी लढलेल्या फ्रेंच मुलीची, जोन ऑफ आर्कची गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत असते पण खटल्याचा भाग फार कमी लोक वाचतात. ३० मे १४३१, फ्रान्समधल्या रूआं शहराचा जुना बाजार, वय साधारण १९. इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या या मुलीवर चर्चच्या कोर्टाने पाखंडाचा आरोप ठेवला, तिने एकदा माघार घेतली होती, पण तुरुंगात परत पुरुषी कपडे घातले म्हणून ‘पुन्हा बिघडली’ असं ठरवून जाळायला दिली. तिने क्रॉस मागितला तेव्हा एका इंग्रज माणसानेच लाकडाच्या काड्यांचा छोटा क्रॉस करून दिला, तो तिने कपड्याच्या आत छातीशी ठेवला, आणि जवळच्या चर्चमधून आणलेला मोठा क्रॉस शेवटपर्यंत डोळ्यांसमोर धरायला सांगितला. राख सेन नदीत टाकली. हे इतकं बारीक आपल्याला कसं माहीत? तर तिची आई इझाबेल गप्प बसली नाही, तिने पोपकडे दाद मागितली, खटला परत उघडला, तिथे हजर असलेल्यांच्या साक्षी झाल्या आणि ७ जुलै १४५६ ला पहिला निकाल रद्द झाला. मुलगी जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. आई तो निकाल ऐकायला जिवंत होती.

राजेही सुटले नाहीत. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने ३० जानेवारी १६४९ ला शिरच्छेदाला जाताना दोन शर्ट घातले, कारण थंडीने अंग थरथरलं तर लोक म्हणतील घाबरला. पुढे राजेशाही परत आल्यावर बरोबर त्याच तारखेला, १६६१ मध्ये, चार्ल्सच्या विरोधकांचा म्होरक्या, आधीच मेलेल्या क्रॉमवेलचं प्रेत कबरीतून काढून लटकवलं. फ्रान्सच्या सोळाव्या लुईचं डोकं २१ जानेवारी १७९३ ला गिलोटिनखाली गेलं. हे यंत्र आणलं होतं ते कमी त्रास व्हावा आणि श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच शिक्षा मिळावी म्हणून, पण काम इतकं झटपट व्हायला लागलं की एका दिवसात किती माणसं न्यायची याला धरबंध राहिला नाही. ८ मे १७९४ ला लाव्हाझिए गेला, ऑक्सिजनला नाव देणारा, करवसुलीच्या कंपनीत होता म्हणून, त्याच दिवशी त्याचे सासरेही गेले. पुढे जप्त सामान बायकोला परत केलं तेव्हा सरकारनेच लिहून दिलं की त्याला चुकीने दोषी ठरवलं होतं.

भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांचा निकाल कुणी मागे घेतला नाही, पण तो खटला कसा चालला ते बघण्यासारखं आहे. वटहुकूम काढून खास ट्रायब्युनल नेमलं, हायकोर्टात अपीलच नाही. तिघांनी लिहून कळवलं की आम्ही युद्धकैदी आहोत, फाशी नको, गोळ्या घाला. ठरलेला दिवस २४ मार्च १९३१, फाशी दिली २३ च्या संध्याकाळी, आणि प्रेतं गुपचूप सतलजकाठी नेऊन जाळली.

देहदंड बंद करा ही मागणी युरोपात जोर धरायला एक प्रोटेस्टंट कापडव्यापारी कारण झाला, फ्रान्समधल्या तुलूझचा जां कालास. मुलगा कॅथलिक होणार म्हणून बापाने त्याला मारलं असा आरोप, आणि १० मार्च १७६२ ला त्याची हाडं मोडून त्याला मारलं. लेखक व्हॉल्टेअरने केस हातात घेतली, १७६५ मध्ये कालास निर्दोष ठरला. १७८६ ला इटलीतल्या टस्कनी या राज्याने देहदंडच काढून टाकला.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट विसाव्या शतकात परत घडली. टिमोथी इव्हान्सला बाळाच्या खुनासाठी १९५० मध्ये फाशी दिली, तीन वर्षांनी कळलं की त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा शेजारी क्रिस्टी हाच एकामागून एक बायका मारत होता. आणि डेरेक बेंटली, वय १९, समज कमी. छपरावर गोळी झाडून पोलिसाला मारलं ते चोरीतल्या १६ वर्षांच्या जोडीदाराने, तेव्हा बेंटली पोलिसांच्या ताब्यात होता. जोडीदार लहान म्हणून फाशीतून सुटला. ज्युरीने दया दाखवा म्हणून सांगितलं होतं, तरी २८ जानेवारी १९५३ ला सकाळी बेंटलीला लटकवलं. त्याची बहीण आयरिस आयुष्यभर या एकाच कामामागे लागली. ३० जुलै १९९८ ला कोर्टाने शिक्षा रद्द केली. आयरिस त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती.