उन्हाळ्याआधी घरातले नळ तपासताना

फेब्रुवारी सरत आला की पुण्यात धरणसाठ्याची चर्चा सुरू होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि त्यातले किती शिल्लक आहे, यावर कपातीचा निर्णय ठरतो. त्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण तेच पाणी ज्या पाइपांतून, टाक्यांतून आणि नळांतून आपल्या ओंजळीत येते, त्यांच्याकडे गळती झाल्याशिवाय कोणी पाहत नाही. बहुतेक घरांत उन्हाळ्याची तयारी म्हणजे गच्चीवर आणखी एक टाकी चढवणे एवढाच अर्थ घेतला जातो. माझ्या मते हे काम यादीत शेवटी यायला हवे आणि कित्येक घरांना त्याची गरजही पडणार नाही. उन्हाळ्यात पाणी आणि पाइप तापतात, वाहिनीतला दाब दिवसभर टिकत नाही आणि टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळल्यामुळे क्षारांचे प्रमाण वाढते. या तिन्ही बदलांचा घरातल्या व्यवस्थेवर काय परिणाम होतो हे समजून घेतले, तर होळीच्या सुमारास एका सुट्टीच्या दिवसात बरीचशी तयारी उरकता येते.

सुरुवात गच्चीवरून करावी. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, त्यामुळे पहाटे गारवा आणि दुपारी ३८ ते ४० अंश सेल्सिअसची झळ असा मोठा फरक रोजच पडतो. उघड्यावरचा पाइप तर हवेपेक्षाही जास्त तापतो. पहाट आणि दुपार यांत त्याच्या तापमानात सुमारे ३० अंशांचा फरक पडतो असे धरले, तर यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, १२ मीटर लांबीचा सरळ पाइप जवळजवळ २५ मिलिमीटरने लांबतो. तेवढ्याच लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी (जीआय) पाइप जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर लांबेल, कारण उष्णतेने प्रसरण पावण्याचे प्लास्टिकचे प्रमाण लोखंडाच्या पाचसहापट असते. प्लंबरने क्लॅम्प इतके घट्ट आवळले असतील की पाइपाला सरकायला वावच नाही, तर ही वाढ पाइप धनुष्यासारखा वाकण्यात दिसते आणि तिचा सगळा ताण एल्बो (वळणाचा जोड) आणि टी (तीन तोंडांचा जोड) यांच्या सांध्यांवर येतो. दुपारी तापलेल्या पाइपात हौदातले गार पाणी मोटरीने चढवले की तो झपाट्याने आकसतो आणि तोच सांधा उलट दिशेने ओढला जातो. एप्रिलमध्ये अचानक सुटलेल्या सांध्यामागे बहुधा असे शेकडो हेलकावे असतात. म्हणून क्लॅम्प पाइपाला धरून ठेवणारा, पण लांबीच्या दिशेने सरकू देणारा असावा आणि लांब सरळ पाइपात एखादे वळण मुद्दाम ठेवावे, म्हणजे वाढलेली लांबी त्या वळणात सामावते.

याच्या जोडीला दुसरी एक अडचण असते. तापमान वाढले की प्लास्टिकची दाब सोसण्याची क्षमता कमी होते. आपल्याकडे यूपीव्हीसी पाइपावर छापलेला दाब २७ अंश तापमानाला लागू असतो आणि ४५ अंशांच्या पुढे तो वापरूच नये असे मानले जाते. फिकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी पाइप उष्णता अधिक सोसतो, परंतु उन्हातल्या अतिनील किरणांनी कालांतराने तोही ठिसूळ होतो. या पाइपांना पाण्यात मिसळणारा पांढरा ॲक्रिलिक रंग दिला, तर किरणांपासून संरक्षण मिळते आणि तापही कमी होतो. ऑइलपेंट मात्र लावू नये, कारण त्यातले द्रावक प्लास्टिकला अपाय करू शकतात.

दुपारी नळातून पहिली दोन मिनिटे चटका देणारे पाणी का येते, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. १,००० लिटर पाणी एका अंशाने तापवायला जवळजवळ सव्वा युनिट विजेइतकी उष्णता लागते, त्यामुळे भरलेली टाकी हळूहळू तापते. अर्ध्या इंची पाइपात मात्र एका मीटरमागे २०० मिलिलिटरच्या आसपासच पाणी असते आणि ते अर्ध्या तासात कढत होते. यावरून दोन गोष्टी निघतात. टाकी सकाळीच पूर्ण भरून घ्यावी, कारण तळाशी उरलेले थोडे पाणी पाइपातल्या पाण्यासारखेच लवकर तापते. आणि आधी सावली करायची ती पाइपांवर, मग टाकीवर. फोमचे वेष्टण किंवा जुन्या गोणपाटाचे दोन थर एवढ्यानेही बराच फरक पडतो. टाकीवर बांबूच्या तट्ट्याचा किंवा शेडनेटचा आडोसा केला, तर त्यात आणि टाकीत वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे मधून हवा खेळती राहते.

पाणी तापल्याचा परिणाम फक्त अंघोळीपुरता राहत नाही. महापालिकेच्या शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवलेला असतो, आणि भारतीय मानकानुसार तो नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. पाणी जितके गरम, तितका हा क्लोरीन लवकर संपतो आणि उन्हात तर फारच लवकर. नव्या टाकीबद्दलची माझी शंका इथूनच येते. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ प्रमाण धरले, तर चौघांच्या कुटुंबाला ५४० लिटर लागतात. दिवसाआड पाणी आले तरी १,१०० लिटरचा साठा पुरतो. त्याऐवजी ३,००० लिटर साठवले, तर प्रत्येक थेंब पाच-सहा दिवस उन्हात पडून राहतो, त्यातला क्लोरीन संपतो, टाकीच्या भिंतींना शेवाळ धरते आणि मग तळाच्या गाळाशेजारी जिवाणूंना वाढायला निवांत जागा मिळते. साठा गरजेपुरता आणि सतत खेळता असलेला बरा.

टाकी धुताना फक्त तळ घासून भागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी पुन्हा चढले की उबतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पाण्याच्या रेषेवरचा पट्टा ब्रशने घासावा, झाकण घट्ट बसते का हे पाहावे आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी.

आता दाबाकडे वळू, कारण आरोग्याच्या दृष्टीने खरा धोका तिथे आहे. नळाला पाणी असते तेव्हा पाइपाला बारीक चीर असेल, तर पाणी बाहेर झिरपते. ते वाया जाते, परंतु बाहेरची घाण आत शिरत नाही. पुरवठा बंद झाला की उतारावरचे पाणी खाली निघून जाते, पाइपात दाब हवेपेक्षाही कमी होतो आणि त्याच चिरेतून आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते. ती चीर गटाराशेजारी असेल, तर काय आत येते हे सांगायला नको. कपातीच्या दिवसांत वाहिन्या अधिक वेळ रिकाम्या राहतात, म्हणजे हा धोकाही अधिक वेळ राहतो. कोणी थेट नळजोडाला मोटर लावली, तर दाब आणखी घटतो आणि स्वतःबरोबर शेजाऱ्यांच्या पाण्यातही घाण ओढली जाण्याची शक्यता निर्माण होते. असे करणे नियमबाह्य तर आहेच, पण त्याहून ते अन्यायाचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला होता आणि संशयाचा रोख दूषित पाण्याकडे होता. तो थंडीचा महिना होता, म्हणजे अशा दूषिततेला उन्हाळ्याची वाट पाहावी लागत नाही.

घराच्या हद्दीत यावर करण्यासारखे बरेच आहे. पेठांतल्या जुन्या इमारतींत रस्त्यापासून मीटरपर्यंत येणारा जीआय पाइप अनेकदा गटाराच्या कडेने किंवा चेंबरमधून जातो आणि तिथेच गंजतो, त्यामुळे तो बदलून वरच्या बाजूने फिरवणे हा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च आहे. मीटरनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे जाऊ न देणारी झडप, बसवावा. पाणी आल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांचे पाणी वेगळ्या बादलीत धरून फरशी पुसायला वापरावे. कूलर भरतानाची एक सवय मात्र आवर्जून बदलायला हवी. थेट लाइनच्या नळाला रबरी नळी लावून तिचे दुसरे टोक कूलरच्या पाण्यात सोडून दिले आणि तेवढ्यात पुरवठा बंद पडला, तर कूलरमधले शेवाळलेले पाणी वक्रनलिकेच्या तत्त्वाने उलटे नळात ओढले जाते. नळीचे टोक पाण्याच्या पातळीपासून चार बोटे वर बांधून ठेवले की हा मार्गच बंद होतो.

क्षारांचे गणित वेगळे आहे. सह्याद्रीच्या पावसाचे धरणातले पाणी बऱ्यापैकी मृदू असते, तर बेसाल्टच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेले बोअरचे पाणी पुष्कळदा कठीण असते. अशा पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर मोडतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतो. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात अधिक विरघळतात, हा मात्र कमी विरघळतो, म्हणून गीझरच्या कॉइलवर आणि तापलेल्या पाइपात त्याचा थर बसतो. नळाच्या तोंडाची जाळी उलट्या हाताने फिरवून काढली, तर तिच्या छिद्रांभोवती खरखरीत पांढरे कडे दिसेल. ती लिंबूसत घातलेल्या कोमट पाण्यात तासभर ठेवली की बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड असतो, आणि कडे सुटून येते. हाच थर टाकीच्या बॉल कॉकच्या, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या तरंगत्या झडपेच्या, वॉशरवर बसला की झडप पूर्ण मिटत नाही आणि सोसायटीचे पाणी रात्रभर ओव्हरफ्लोतून वाहत राहते. टँकर सुरू होण्याआधी आणि नंतर दर महिन्याला बॉल कॉक हाताने वरखाली करून पाहावा.

गळती शोधायला प्लंबर लागत नाही. सगळे नळ बंद करून मीटरची लहान चकती फिरते का हे पाहावे, आणि फ्लश टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्ध्या तासाने भांड्यात रंग उतरला का हे पाहावे. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला साडेएकवीस लिटरांहून थोडे अधिक पाणी जाते. बहुतेक वेळा दोष काही रुपयांच्या वॉशरचा असतो, कारण रबर उष्णतेने आणि क्लोरीनने कडक होते.

मे महिन्यात गावी जाणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या भागात, साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी सतत असते आणि गटारातले वायू व झुरळे तेवढ्यावरच अडतात. बंद घरात कोरड्या हवेने हे पाणी तीन-चार आठवड्यांत आटू शकते. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर गोडेतेल ओतले, तर तेलाचा पातळ थर बाष्पीभवन रोखून धरतो. मुख्य व्हॉल्व्ह आणि फ्लश टाकीचा कॉक बंद करावा. परत आल्यावर खिडकी उघडून सगळे नळ आणि शॉवर काही मिनिटे वाहू द्यावेत, कारण २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि तो तुषारांमधून फुप्फुसांत जातो. गीझर असेल तर पहिल्या अंघोळीआधी त्यातले पाणी ६० अंशांपर्यंत तापवून घ्यावे.