मेंदूसाठी व्यायाम आणि आहार: जोडीचा परिणाम

कागदावर काही आकडे आणि काही अक्षरे विखुरलेली असतात. पेन्सिल न उचलता 1 वरून ‘क’वर, तिथून 2 वर, मग ‘ख’वर असे आलटून पालटून, शक्य तितक्या लवकर जोडत जायचे. आकडे पाठ असतात, अक्षरेही पाठ असतात. तरीही उतारवयात हात मध्येच थबकतो, कारण येथे कस लागतो तो एक क्रम मनात धरून दुसऱ्याकडे वळण्याच्या क्षमतेचा. तिला कार्यकारी क्षमता म्हणतात. औषधांच्या वेळा सांभाळणे, हिशेब ठेवणे, कामांचा क्रम लावणे ही सारी तिचीच कामे असल्याने, माणसाचे स्वावलंबन बरेचसे तिच्यावर टिकून असते.

या क्षमतेबाबत अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे जेम्स ब्लूमेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2018 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात 55 वर्षांवरील 160 व्यक्ती होत्या. त्यांना स्मृतिभ्रंश नव्हता, पण विचार करताना अडचण जाणवत होती; हालचाल कमी होती आणि हृदयविकाराचा धोका होता. त्यांचे चार गट पाडले गेले: एकाला व्यायाम, दुसऱ्याला डॅश आहार, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला केवळ आरोग्यविषयक माहिती. व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीनदा 35 मिनिटे चालणे किंवा जागच्या जागी सायकल चालवणे. उच्च रक्तदाबासाठी आखलेल्या डॅश आहारात फळे, भाज्या आणि अख्खी धान्ये भरपूर, तर मीठ कमी असते.

सहा महिन्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची कार्यकारी क्षमता सुधारली होती. नुसत्या आहाराचा परिणाम निश्चितपणे सांगता येण्याइतका ठळक नव्हता. मात्र दोन्ही करणाऱ्यांची प्रगती सर्वांत जास्त होती. स्मरणशक्तीत तसा फरक दिसला नाही, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ‘स्मरणशक्ती वाढते’ असे सरसकट सांगितले की लोकांच्या पदरी निराशा येते.

जोडीचा गुण अधिक का यावा, याचा एक धागा रक्तवाहिन्यांत सापडतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळीही शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो, आणि स्वतःजवळ साठा जवळजवळ नसल्याने ती त्याला रक्तातून क्षणोक्षणी मिळावी लागते. मेंदूच्या खोल भागातील अतिशय बारीक वाहिन्या वाढत्या रक्तदाबाने कडक होत जातात, आणि कार्यकारी क्षमता सांभाळणाऱ्या, कपाळामागील भागाला इतर भागांशी जोडणारे तंतू त्यांच्याच पुरवठ्यावर जगतात. नियमित व्यायामाने वाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार करते, त्यामुळे त्या सहज रुंदावतात. योग्य आहाराने रक्तदाब उतरतो. म्हणजे एकाच वाहिनीची काळजी दोन बाजूंनी घेतली जाते.

प्रत्येक गटात जेमतेम 40 माणसे असल्याने या निष्कर्षांवर फार मोठे दावे उभारू नयेत. तरी कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने पुन्हा चाचण्या घेतल्या, तेव्हा लाभ थोडा का होईना, टिकून होता.