पेंटबॉल : अर्ध्या सेकंदाचं गणित

पेंटबॉलचा, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारून एकमेकांना बाद करण्याच्या खेळाचा, पहिला सामना २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथल्या जंगलात झाला. खेळाडू बारा, संघ एकही नाही, ज्याचा तो. हातातली पिस्तुलं मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली. जिंकला रिची व्हाइट, ज्याचं रोजचं कामच जंगलातलं होतं. त्याने एकही गोळी झाडली नाही. झाडांआडून सरकत सरकत जिंकण्यासाठी लागणारे सगळे झेंडे गोळा केले आणि खेळ संपवला.

आजच्या स्पर्धेत मात्र त्याची डाळ शिजली नसती. जेमतेम ४५ मीटर लांबीचं मोकळं मैदान, त्यावर हवा भरलेले आडोसे म्हणजे बंकर, आणि पाचांविरुद्ध पाच. इथे एकट्याचं चालत नाही आणि त्याचं कारण गोळीतच आहे.

ही गोळी म्हणजे व्हिटॅमिनच्या मऊ कॅप्सूलसारखी, जिलेटिनच्या कवचात रंग भरलेली. व्यास १७ मिलिमीटर, वजन साधारण ३ ग्रॅम. सुरक्षेसाठी तिचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या आसपास रोखलेला असतो. शिवाय एवढ्या हलक्या गोळीला हवा चांगलीच अडवते. हिशेब केला तर ३० मीटर जाईपर्यंत तिचा वेग जवळपास निम्मा होतो आणि तेवढ्या अंतराला सुमारे अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात पळणारा माणूस तीन मीटर पुढे गेलेला असतो! म्हणजे दिसला त्या जागी नेम धरणं फुकट.

म्हणून खेळाडू माणसावर नव्हे, त्याच्या वाटेवर मारतात. याला ‘लेन’ धरणं म्हणतात. सेकंदाला १० गोळ्या एका रेषेत सुटत असतील, तर त्या रेषेवरून दर ०.१ सेकंदाला एक गोळी जाते. सेकंदाला ६ मीटर पळणाऱ्याचं ४० सेंटिमीटरचं शरीर ती रेषा ०.०७ सेकंदात ओलांडतं. नेम अचूक असेल तरी गोळी लागण्याची शक्यता तीनात दोन. त्याच वाटेवर दुसऱ्यानेही मारा धरला की नऊपैकी आठ.

संघातली कामं इथूनच ठरतात. मागचे खेळाडू सुरुवातीलाच लेन धरतात, कारण पळणाऱ्याच्या आधी गोळ्या तिथे पोचायला हव्यात. पुढचा जीव मुठीत धरून कडेच्या बंकरकडे धावतो. मधला दोघांना जोडतो आणि ओरडून सांगत राहतो : कोण कुठे आहे, किती बाद झाले. ऑफिसच्या सहलीत पेंटबॉल खेळणारे नेमकं उलटं करतात. सगळे गप्प बसून समोरच्यावर मारत राहतात. पण बंकर झाकतो तो समोरूनच! उघडी पडते ती कूस. म्हणून एकाने समोरून मारा करून प्रतिस्पर्ध्याला डोकं वर काढू द्यायचं नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्याने तिरक्या कोनातून त्याला टिपायचं. कबड्डीत एकाने घोटा धरला की बाकीचे तुटून पडतात, तसंच काहीसं.

एक गडी बाद झाल्याने एवढं काय बिघडतं? फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश इंजिनियरने १९१६ मध्ये युद्धाबद्दल एक नियम मांडला : प्रत्येकाला प्रत्येकावर मारा करता येत असेल, तर ताकद संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाचांविरुद्ध चार उरले की २५ वजा १६, म्हणजे ९, वर्गमूळ ३. आदर्श हिशेबात, चौघे बाद होतात तेव्हा पाचांपैकी तीन शिल्लक असतात.

पिछाडीवरचा संघही हे ओळखून असतो. तो बंकरला चिकटतो, कोन बंद करतो आणि लढत एकास एक अशी तोडून टाकतो. तिथे वर्गाचा नियम गळून पडतो आणि साधी वजाबाकी उरते. पाचातून चार गेले, राहिला एक.